आज बर्फ लई पडला

आत्या,

तू संध्याकाळी गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरी उघडायची की नाही यावरून ओट्यावर वाद झाला. कुणीतरी म्हणालं, एक दिवस बंद ठेवू, कौसाबाईचा तेवढा मान राखायला पाहिजे. शेवंताकाकू पदराने डोळे पुसत होत्या. पदर न सोडताच म्हणाल्या, "आन् म्हशीला काय सांगू? कौसाबाई गेली, आजच्या दिस दूध वर ओढून धर म्हणू?" रडणाऱ्या बायका हसायला लागल्या आणि हसता हसता परत रडायला लागल्या. मग डेअरी नेहमीच्या वेळी उघडली. मापं झाली, फॅटचं मशीन चाललं, कॅन टेम्पोत चढले, आणि त्यानंतर आम्ही तुला निरोप दिला. मी बीडहून पहिल्या गाडीने आले होते आणि भिंतीला टेकून हे सगळं पाहत होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरं केलं. दूध नासलं असतं."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात माणसं मावली नाहीत. वंदना झाली, मग भाषणं. ज्यांनी एकेकाळी आपल्या आळीतल्या डेअरीत दूध घालायला नको म्हटलं होतं, त्यांच्या मुलांनीही तुझ्याबद्दल चांगलं सांगितलं. माईक माझ्यापर्यंत आला. मी मान हलवली आणि तो पुढे दिला. मी आता शाळेत शिकवते, रोज चाळीस मुलांपुढे बोलते, पण मोठी माणसं समोर असली की अजूनही मला बोलता येत नाही. तू माझी ओळख करून द्यायचीस ती मला आठवली: "ही आमची सुजाता. भावाची पोर. इंग्रजी शाळेची हाय. बोलत न्हाई, नुसती बघती."

तेव्हा जे बोलायचं राहिलं ते लिहिते आहे. आणि त्याहून जुनं एक राहिलेलं आहे. तेही.

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गावातल्या विहिरी आटल्या होत्या आणि गावाची अर्धी गुरं वडवणीच्या रस्त्यावरच्या चारा छावणीत बांधलेली होती. गुरं छावणीत म्हणजे माणसंही छावणीत. बांबू, वर हिरवी जाळी, खाली आपली गाय मैना, आणि मैनेच्या शेजारी तुझी बाज. बाबा म्हणाले, "आत्या एकटी आहे, परीक्षा झाली आहे, जा दोन महिने." मी पिशवीत दोन ड्रेस आणि एक पुस्तक घातलं. इंग्रजी कादंबरी, बीडच्या रद्दीच्या दुकानातून घेतलेली, मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. मी ती आधीच वाचून संपवली होती. परत वाचायला म्हणून आणली, कारण पुस्तक समोर धरलं की कुणी आपल्याशी बोलत नाही, हा माझा शाळेपासूनचा अनुभव होता.

तुझ्यावर हा उपाय चालला नाही.

"काय वाचतीस गं?"

"कादंबरी आहे."

"कशाची?"

"इंग्लंडला गेलेल्या आपल्या लोकांची. तिकडे कारखान्यात काम करतात."

"आपल्या म्हंजी? वडवणीच्या?"

"नाही. पंजाबच्या."

"मंग सांग की. मनातल्या मनात कावून खातीस? हितं वाटून खायची पद्धत हाय."

मी पहिलं पान सांगायला सुरुवात केली तेव्हा तू एकटी होतीस. चौथ्या पानाला शेवंताकाकू आल्या. त्यांच्या दोन म्हशी पलीकडच्याच दावणीला होत्या, काकू म्हणाल्या, मी फक्त सुपारी मागायला आले. दुसऱ्या दिवशी सात बाया होत्या. तिसऱ्या दिवशी धनगरवाड्यावरचे बिरू तात्या आले. छावणीत मेंढरं घेत नव्हते, म्हणून त्यांची मेंढरं मुलाबरोबर लांब गोदावरीच्या काठाला गेली होती आणि तात्या दोन गायी घेऊन मागे राहिले होते. बायांच्या घोळक्यात कसं बसायचं म्हणून ते आमच्याकडे पाठ करून, लोकर वळत बसायचे. पण मध्येच मान न वळवता विचारायचे, "त्या म्हाताऱ्याच्या खोकल्याचं काय झालं?"

दुपारी दोन ते चार. टँकर येऊन गेलेला, ऊस टाकून झालेला, संध्याकाळच्या धारेला वेळ. तेवढ्या वेळात इंग्लंड.

मला तुमची भाषा येत नव्हती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मी शाळेत निबंध लिहायचे तसलं मराठी बोलायचे. तू मध्ये थांबवून विचारायचीस, "म्हंजी भट्टीवर कामाला हाय म्हण की. उगं लांबून कशाला येतीस?" हळूहळू मी जवळून यायला लागले. कादंबरीतला बाप हरबन्स लोखंडाच्या ओतशाळेत कामाला होता. त्याचा आठवड्याभरात हरिभाऊ झाला. आई सुरजीत पावाच्या कारखान्यात होती. ती सुरजीतबाई झाली. मुलगी किरण, तिचं नाव तसंच राहिलं, कारण किरण नावाची मुलगी छावणीत आधीच होती.

पहिल्या वादाचा दिवस मला अजून आठवतो. हरिभाऊ खोली शोधत फिरतो आणि ज्या घरावर भाड्याने देण्याची पाटी लागलेली असते तिथली बाई त्याचा चेहरा बघून म्हणते, आत्ताच दिली. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. शेवटी शहराच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे एक ओलसर घर मिळतं, जिथे याच्यासारखेच सगळे राहतात. मी हे सांगत होते आणि माझा आवाज गंभीर झाला होता. तू एकदम हसलीस.

"म्हंजी गावकुसाबाहेरच राह्यले म्हण की! एवढं समिंदर वलांडून गेले आन् परत गावकुसाबाहेर!"

तू इतकी हसलीस की मैनेने मान वर केली. तात्यांनी पाठ तशीच ठेवून विचारलं, "गोऱ्यांच्यात बी हाय का असलं?" तू म्हणालीस, "तात्या, तुमी कावून इचारता? तुमच्या वाड्यात आमाला चहा कानतुटक्या कपात मिळायचा." तात्या लोकर वळत राहिले. मग म्हणाले, "तो कप फुटला कवाच." तू म्हणालीस, "फुटला न्हाई, मी फोडलाय. मुद्दाम." तात्यांची पाठ हसताना हलते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी त्या संध्याकाळी स्वतःच्या घरच्या पेल्यात आपल्याला चहा आणून दिला. तू तो घेतलास आणि म्हणालीस, "साखर कमी हाय."

मी गाळायचे, हे तू किती लवकर पकडलंस. किरण मोठी होते आणि एका गोऱ्या मुलाबरोबर बागेत बसते, तिथली दोन पानं मी तुमच्यासमोर कशी सांगणार होते? मी पानं उलटली आणि थेट परीक्षेच्या निकालावर आले. तू ऐकून घेतलंस. सगळ्या उठून गेल्यावर मैनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालीस, "सुजे, दुधात पाणी घातलं तर मला मशीन लागत न्हाई. बोटावर कळतं. तू तर पाणी घालीत न्हाईस. तू साय काढून घेतीस आन् उरलेलं आमाला पाजतीस."

"तुला कसं कळलं?"

"दोन पानं उलटलीस, आन् सांगितलंस चिमूटभर. मला इंग्रजी येत न्हाई. माप येतं."

दुसऱ्या दिवशी मला बागेतली दोन पानं मागे जाऊन सांगावी लागली. माझे कान तापले होते. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, शेवंताकाकू म्हणत होत्या, "पुढं? पुढं काय केलं त्यानं? हात धरला? कोणता?" आणि तात्या उठून गायीला पाणी दाखवायला गेले, जिला त्यांनी नुकतंच पाणी दाखवलं होतं.

तुझा आणि माझा मोठा वाद मात्र पावाच्या कारखान्यावरून झाला. सुरजीतबाईच्या कारखान्यात बाया उभ्या उभ्या दहा तास काम करतात, हातमोजे फाटलेले, ट्रे तापलेले, आणि मुकादम त्यांची नावंसुद्धा नीट घेत नाही. तू विचारलंस, "बाया किती हायेत?"

"चाळीस."

"चाळीस बाया हायेत आन् सोसायटी काढली न्हाई?"

"आत्या, ती कादंबरी आहे."

"असू दे की. चाळीस बायांनी मिळून एक भट्टी टाकायची. पाव काय हे करतेत, तो मुकादम करतोय का? आपण सात जणींनी डेअरी काढली तवा आपल्याकडं काय होतं? दोन कॅन आन् एक तराजू. तोबी मागून आणलेला."

"पण पुस्तकात तसं नाही लिहिलेलं."

"मंग चुकलंय पुस्तक."

आणि मग तू केलंस ते फक्त तूच करू शकत होतीस. छावणीतच डेअरीच्या संस्थेची मासिक सभा होती, अध्यक्ष तूच. तू कोरम मोजलास, विषय घेतले, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचा विषय’ म्हणून ठराव मांडलास, की सुरजीतबाई व इतर एकोणचाळीस महिलांनी पावाची सोसायटी काढावी, आपली संस्था त्यांना मार्गदर्शन करील. शेवंताकाकूंनी सुचवलं, दोघींनी अनुमोदन दिलं, आणि तू ते प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलंस, आपल्या त्या मोठ्या, एकमेकांपासून लांब उभ्या राहिलेल्या अक्षरात. मला वाटलं, गंमत चालली आहे. पुढच्या वर्षी तू फोनवर सांगितलंस की ऑडिटला आलेल्या साहेबांनी वही उघडून विचारलं, "या सुरजीतबाई कोण? सभासद यादीत दिसत नाहीत." आणि तू म्हणालीस, "परगावी असतेत." साहेबांनी विचारलं, "कुठं?" तू म्हणालीस, "लांब हाय. एस.टी. जात न्हाई."

ही गोष्ट मी माझ्या शाळेतल्या सगळ्यांना सांगितली आहे. पुढची मात्र कुणाला सांगितलेली नाही.

मे महिन्याच्या मध्यावर दिल्लीहून पाहणीला दोघं आले. एक बाई, एक साहेब. गाडीतून उतरले तेव्हापासून इंग्रजीतच बोलत होते, आणि त्यांच्याबरोबर मराठी बोलणारा जो माणूस होता तो पुढच्या छावणीत अडकला होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू माझा हात धरून मला पुढे नेलंस. किती अभिमानाने नेलंस, आत्या. तुझा हात खरखरीत होता आणि माझा घामाने ओला.

मग तू बोललीस. मला तुझं सगळं बोलणं आजही पाठ आहे. तू म्हणालीस, "यांना म्हणावं, आमाला नुसता ऊस मिळतोय. ऊस खाऊन खाऊन जनावरांच्या तोंडाला फोड आलेत, ते चावीत न्हाईत, कडबा पाह्यजे. म्हणावं, पाण्याची हौदी एक हाय आन् जनावरं चारशे. म्हणावं, तुमी बरगड्यांचे फोटो काढायला लागलात, काढा, पण त्या जनावरांचं दूध आमी रोज काढतोय आन् डेअरी एक दिस बंद पडली न्हाई, त्याचा बी फोटो काढा. आमी भीक मागायला बसलो न्हाई. आमी धंदा राखायला बसलोय. हे सगळं सांग. येक शब्द गाळू नको."

ती बाई माझ्याकडे बघत होती. तिचं इंग्रजी फार सफाईदार होतं. माझं इंग्रजी तिला कसं वाटेल, चूक झाली तर, आणि ‘भीक मागायला बसलो नाही’ हे तिच्या तोंडावर कसं म्हणायचं, असं सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. मी दोन वाक्यं बोलले. परिस्थिती अवघड आहे, थोडी मदत हवी आहे. आणि मग थँक्यू म्हणाले. बाई हसली, मान हलवली, त्यांनी मैनेच्या बरगड्यांचा फोटो काढला आणि ते गेले.

तू विचारलंस, "सांगितलंस सगळं?"

मी म्हणाले, "हो."

तू म्हणालीस, "बरं," आणि मैनेला पाणी दाखवायला गेलीस.

कडबा आला नाही. आठ दिवसांनी तू उसाची मोळी डोक्यावर घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेलीस. मीही मागे होते, दाराशी. तू एक कांडं साहेबांच्या टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, "चावून बघा साहेब." ते बिचारे भले होते, त्यांनी खरंच चावलं. म्हणाले, "गोड आहे की." तू म्हणालीस, "गोड हाय. आता आठ दिस हेच खा. सकाळी हेच, दुपारी हेच, सांच्याला हेच. मंग तोंड उघडून दाखवा." ऑफिसातले सगळे हसले, साहेबही हसले, आणि त्याच आठवड्यात कडब्याचे दोन ट्रक आले. छावणीत तुझी मिरवणूक काढायची तेवढी बाकी होती. मी पण टाळ्या वाजवल्या. पण मला माहीत होतं की ती मोळी तुला माझ्यामुळे वाहावी लागली होती.

आणि आता मी न सांगितलेलं पान.

त्याच सुमाराला कादंबरीत ते पान आलं. ते येणार हे मला माहीत होतं, मी पुस्तक आधी वाचलेलं होतं. बीडला वाचताना मला त्या किरणचा इतका राग आला होता की मी पुस्तक उशीखाली दाबून ठेवलं होतं. आणि तरी मी तेच केलं होतं, जे तिने केलं. तेव्हा त्या दुपारी मी काय केलं, तर ते पान डोळ्यांसमोर धरलं, नेहमीएवढा वेळ धरलं, मापात कमी पडू नये म्हणून, आणि त्या पानावर नसलेलं सगळं सांगितलं. बर्फ पडत होता, म्हणाले. छपरांवर पडत होता, रुळांवर पडत होता, कारखान्याच्या चिमणीवर पडत होता. सुरजीतबाई बर्फातून घरी आल्या, किरण बर्फातून शाळेत गेली. मी इतका बर्फ पाडला की मला स्वतःलाच थंडी वाजायला लागली. बाहेर त्या दिवशी जाळीखाली बसवत नव्हतं इतकं ऊन होतं.

सगळ्या उठल्या. तू दावणीचा दोर सैल करत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आज बर्फ लई पडला गं."

एवढंच. पुढे तू ते किती वेळा म्हणालीस. मी फोनवर तब्येत बरी आहे म्हणायचे आणि माझा आवाज बसलेला असायचा, तेव्हा तू म्हणायचीस, "बर्फ पडतोय का तिकडं?" नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात मी म्हणाले, सगळे खूप चांगले आहेत, तेव्हाही. मला वाटायचं, तुला ते वर्णन आवडलं म्हणून तू म्हणतेस.

छावणी उठायच्या दोन दिवस आधी पुस्तक संपलं. हरिभाऊ आणि सुरजीतबाई परत येत नाहीत, तिथेच राहतात. तात्यांना ते पटलं नाही. ते म्हणाले, "माणसानं माघारी यावं." तू म्हणालीस, "कुठं माघारी? जिथं आपली चूल पेटती ते आपलं. आमी बी दोन महिने रस्त्याच्या कडंला राह्यलो, झालंच की आपलं." हात वर करून मतं घेतली. राहावं, एकवीस. यावं, एक. तात्या म्हणाले, "माझं मत लिहून ठिवा." तू लिहून ठेवलंस. आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, "आता पुढचं तू लिही. सोसायटीचं."

"मला लिहिता येत नाही, आत्या."

"सांगता तरी कुठं येत होतं?"

हा वाद आपला शेवटपर्यंत चालला. प्रत्येक फोनला तू विचारायचीस, "सुजे, सुरजीतबाईची भट्टी पेटली का?" मी म्हणायचे, "पेटेल." शेवटच्या फोनलाही मी तेच म्हणाले.

पुण्यानुमोदनानंतर चार दिवसांनी संस्थेची शोकसभा होती. शेवंताकाकू आता अध्यक्ष आहेत. त्यांनी प्रोसिडिंगच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं हाय, दुखवट्याचा ठराव तू लिही. कसा लिहितेत ते मागलं बघून घे." मी मागलं बघत बघत त्या उन्हाळ्यापर्यंत गेले. सुरजीतबाईंचा ठराव सापडला, मला हसू आलं. तात्यांचं मत सापडलं. आणि या दोन्हींच्या मध्ये, तुझ्या त्या लांब लांब उभ्या अक्षरात, हे सापडलं:

‘आज दिल्लीचे पाव्हणे आले. आपल्या अडचणी सांगितल्या. सुजाताने इंग्रजीत सांगितल्या. निम्म्या पोचल्या. पोर भ्याली. तिला कुणी काही बोलू नये असे सर्वानुमते ठरले. पुढच्या वेळी पूर्ण सांगेल. सूचक शेवंताबाई. अनुमोदक सर्वजणी.’

खाली तात्यांचा अंगठा. ते संस्थेचे सभासदसुद्धा नव्हते.

मी वही तशीच धरून बसले. थँक्यू हा शब्द तुला येत होता, आत्या. तो कुणाला येत नाही? तू तेवढं मोठं बोललीस, मी तेवढंसं बोलले, आणि वर थँक्यू. तुला इंग्रजी यायची गरजच नव्हती. आणि एकवीस बायका मला रोज दुपारी भेटत होत्या, माझ्या तोंडून गोष्ट ऐकत होत्या, एकीनेही चेहऱ्यावर दाखवलं नाही. ज्या शेवंताकाकूंच्या पोटात काल शिजलेली डाळसुद्धा राहत नाही, त्यांनीही नाही.

मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही इतकी वर्षं कशा बोलल्या नाहीत?"

त्या म्हणाल्या, "ठराव झालता की. मोडायचा कसा?"

सभा सुरू झाली. दुखवट्याचा ठराव झाला, सगळ्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या. बसल्या. आणि मी उभीच राहिले. मी म्हणाले, "ऐन वेळचा एक विषय आहे. त्या पुस्तकातलं एक पान राहिलंय."

मी सांगितलं. की सुरजीतबाईंनी फाटक्या हातमोज्यांची तक्रार केली म्हणून मुकादमाने त्यांना खोलीत बोलावलं. इंग्रजी येत नाही म्हणून त्यांनी किरणला शाळेतून नेलं. आईने दहा मिनिटं सांगितलं, कुणाचा हात भाजला, कुणाची बोटं वळत नाहीत, एकेका बाईचं नाव घेऊन सांगितलं. मुकादमाने किरणकडे पाहिलं. आणि किरण म्हणाली, आई सॉरी म्हणते आहे. घरी जाताना बसमध्ये आईने विचारलं, सगळं सांगितलंस? किरण म्हणाली, हो. सॉरी हा शब्द सुरजीतबाईंना येत होता. परक्या देशात माणूस तो सगळ्यात आधी शिकतो. तरी त्यांनी ओच्यातला गरम पाव काढला, मोठा तुकडा मुलीला दिला, लहान आपण घेतला. पान तिथे संपतं.

मग शेवंताकाकू म्हणाल्या, "म्हंजी त्या दिशी बर्फ पडलाच न्हवता?"

"नव्हता, काकू."

आता तात्या पाठ करून बसत नाहीत, खुर्चीवर बसतात, गुडघे दुखतात. ते म्हणाले, "मला तर लई गार वाटलतं त्या दिशी."

काय हसलो, आत्या. शोकसभेत असं हसतात का? तुझ्या फोटोला नुकताच हार घातला होता. तो हारसुद्धा हलत होता, पंख्यामुळे.

मला वाटलं, झालं. खाली बसावं. पण शेवंताकाकूंनी हात वर केला. "थांब. निम्मंच झालं. त्या दिशी कौसाबाई काय म्हणलती, ते आता इंग्रजीत म्हणून दाखव. पुरं."

"इथे कुणाला कळणार, काकू?"

"कळायचं आमचं आमी बघू. तू म्हण."

मग मी म्हटलं. तुझ्या फोटोकडे बघून, इंग्रजीत, मोठ्याने. उसाचे फोड, कडबा, एक हौद आणि चारशे जनावरं, बरगड्यांचे फोटो. आम्ही भीक मागायला बसलो नाही हे म्हणताना माझा आवाज फाटला, तरी मी ते म्हटलं. आम्ही धंदा राखायला बसलो आहोत, तेही म्हटलं. थँक्यू म्हटलं नाही. बाया मान तिरकी करून ऐकत होत्या, तू कॅनमध्ये पडणाऱ्या दुधाचा आवाज ऐकायचीस तशा. माझं संपल्यावर शेवंताकाकूंनी क्षणभर मनाशी काहीतरी जुळवलं आणि तात्यांना म्हणाल्या, "कौसाबाईचं बी एवढंच झालतं का न्हाई?"

तात्या म्हणाले, "एवढंच. बराबर भरलं."

मग मी वही ओढली आणि तुझ्या अक्षराखाली नाही, नवीन पानावर, माझ्या चांगल्या म्हणतात त्या अक्षरात लिहिलं, की राहिलेलं पान सांगितलं, राहिलेलं बोलणं पोचलं. सूचक, अनुमोदक, सगळं. बाहेर संध्याकाळच्या दुधाला बाया कॅन घेऊन यायला लागल्या होत्या आणि कुणीतरी ओट्यावरून ओरडत होतं, सभा आवरा, म्हशी थांबत नाहीत.

सुरजीतबाईंची भट्टी मी पेटवायला घेतली आहे. पहिलं पान झालं आहे. त्यात चाळीस बाया आहेत, एक मागून आणलेला तराजू आहे, आणि त्यांना शिकवायला लांबच्या गावाहून आलेली एक बाई आहे, जिला इंग्रजी येत नाही, माप येतं.

इकडे आज ऊन आहे, आत्या. स्वच्छ. बर्फ अजिबात पडला नाही.